सोलापुरातला रशियनचा वर्ग

सोलापुरात रशियन पुस्तकं आधी आली आणि रशियन भाषा त्यांच्या मागून आली. पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही वाचत्या सोलापूरकराला विचारून पाहा. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पांढराशुभ्र कागद, पानोपानी चित्रं आणि किंमत दोन-चार रुपये. सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन गावात लागलं की मिलमधली माणसं पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट तिकडे वळायची. पगार नुकताच झालेला असेल तर पोरांसाठी एखादं चित्रांचं पुस्तक, स्वतःसाठी गॉर्की, आणि दहावीतल्या भाच्यासाठी याकोव पेरेलमानचं मनोरंजक भौतिकशास्त्र. ‘सोव्हिएत लँड’ नियतकालिकाची गुळगुळीत पानं वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून चढायची. त्यामुळे कितीतरी मुलांनी रशियातला बर्फ आधी भूगोलाच्या वहीवर पाहिला.

ही पुस्तकं मराठीतून मिळत होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मॉस्कोतल्या ‘प्रगती’ आणि पुढे ‘रादुगा’ या प्रकाशनगृहांत मराठी पुस्तकं तयार व्हायची, तिथेच छापली जायची आणि जहाजानं मुंबईला यायची. अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक मॉस्कोत राहून हे काम करत होते. त्यांचं मराठी इतकं घरगुती असे, की बर्फात खेळणारी पोरं आपल्याच आळीतली वाटायची. चिंगीझ ऐतमातोवच्या कथेतला, घोड्यांच्या पागेत शाळा भरवणारा किरगिझ मास्तर आम्हाला पार ओळखीचा झाला होता. तशा गळक्या शाळा आणि तसे हट्टी मास्तर आमच्या तालुक्यांतही होतेच.

जमीनही तयार होती. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं, यंत्रमागाचं आणि विड्यांचं गाव. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ रोजी चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. कामगार संघटना, मोर्चे, संप हे सगळं इथल्या रोजच्या जगण्यात मुरलेलं. शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. अण्णा भाऊ साठे यांनी स्तालिनग्रादच्या लढाईवर पोवाडा रचला, १९६१ साली ते स्वतः सोव्हिएत संघ पाहून आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्या पोवाड्याचा डफ कानावर पडलेल्या माणसाला रशिया फार लांब वाटत नव्हता. गॉर्कीची ‘आई’ सुरू होते ती कारखान्याच्या भोंग्यानं. सोलापूरच्या मिलच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उजाडत होता आणि मावळत होता, त्यांना त्या पहिल्या पानासाठी तळटीप लागत नव्हती.

अशी पुस्तकं वाचता वाचता काहींना वाटायचं की हे मुळातून वाचता आलं तर! मीही त्यातलीच एक. सोलापुरात तेव्हा शिकायची सोय नव्हती. पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग होता, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. मुंबईकरांना विद्यापीठाचा रशियन विभाग होता आणि पेडर रोडवरचं सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही रशियनचा अभ्यास रुजला. सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत त्याच विद्यापीठाच्या कक्षेत होता. मी पुण्यात नोकरी करता करता संध्याकाळी रशियन शिकले आणि सोलापूरला परतल्यावर ओळखीच्या चार जणांच्या आग्रहाखातर घराच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला.

ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्गात कोण कोण यायचं! मिलमधला टाइमकीपर, बँकेतला कारकून, गणिताचे निवृत्त सर, पूर्व भागातल्या विणकराचा अकरावीतला मुलगा, आणि मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात शिष्यवृत्तीवर जायचं स्वप्न पाहणारी कॉलेजची दोघं-तिघं. रशियन येणाऱ्याला तेव्हा कामही होतं. भिलई आणि बोकारोचे पोलाद कारखाने सोव्हिएत मदतीनं उभे राहिलेले, नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना. यंत्रांची माहितीपत्रकं रशियनमध्ये, तंत्रज्ञ रशियन. दुभाषे आणि तांत्रिक अनुवादक हवेच असायचे. पण नोकरीसाठी म्हणून आलेला मुलगाही बहुतेक वेळा लहानपणी एखादं सोव्हिएत पुस्तक वाचून आलेला असायचा. त्याला चेखॉव्ह कोण हे सांगावं लागत नव्हतं.

पुस्तकं दोनच, त्यांच्याही मोजक्या प्रती. नीना पोतापोवाचं जुनं क्रमिक पुस्तक आणि सेराफिमा खाव्रोनिनाचं संभाषणाचं. धडे मी हातानं उतरवून स्टेन्सिलवर काढून आणायची. उच्चार ऐकवायला एक कॅसेट, ती इतकी फिरलेली की बोलणाऱ्या बाईंचा आवाज हळूहळू घोगरा होत गेला. तरी मुलं पुन्हा पुन्हा लावायला सांगायची, कारण खरा रशियन आवाज ऐकायची तेवढी एकच जागा होती.

पहिले काही आठवडे नुसती अक्षरं. छापील रशियन अक्षरं लवकर ओळखू येतात, खरी परीक्षा हाताच्या लिपीची. छापील ‘त’ हातानं लिहिताना इंग्रजी एमसारखा होतो, ‘द’ इंग्रजी जीसारखा. ‘इ’, ‘ल’, ‘म’ आणि ‘श’ शेजारी शेजारी आले की कागदावर नुसत्या उभ्या रेघांची रांग दिसते. म्हणून जुन्या पद्धतीनं लिहिणारे रशियन लोक ‘श’च्या खाली आडवी रेघ ओढतात आणि ‘त’च्या डोक्यावर. टाइमकीपर काकांचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर. हजेरीपटावर वर्षानुवर्षं नावं लिहिलेला तो हात. चार रेघी वहीत ते एकेक शब्द असा उतरवायचे, की बाकीचे आपली वही त्यांच्या वहीशेजारी ठेवून दुरुस्त करायचे.

व्याकरणात सोलापूरकर कुठे अडणार आणि कुठे धावणार, हे मला तेव्हाच कळलं. रशियनमध्ये सहा विभक्ती. ‘क्नीगा’ म्हणजे पुस्तक, ते वाचायचं झालं की ‘क्नीगु’, पुस्तकाविषयी बोलायचं झालं की ‘क्नीग्ये’. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे संकट वाटतं. पण ज्यानं प्रथमा ते सप्तमी आणि वर संबोधन असं शाळेत घोकलं आहे, घर, घराला, घरात, घरानं हे बोलण्यात रोज करतो, त्याला फक्त प्रत्यय नवे शिकायचे असतात. उलट वर्तमानकाळात ‘आहे’ गायब असतं, तिथे मराठी पोरं अडखळायची. ‘मी विद्यार्थी’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं, हे त्यांना अर्धवट वाटायचं. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांना त्याचं काहीच वाटत नसे, त्यांच्या घरच्या भाषेत वाक्य तसंच बनतं. विणकराचा तो मुलगा पहिल्याच दिवशी सरळ ‘या स्तुद्येन्त’ म्हणून मोकळा झाला. ज्या गावात एका गल्लीत चार भाषा चालतात तिथे पाचवी शिकणं अवघड नाही, हे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आले.

क्रियापदांचं मात्र सगळ्यांनाच जड जायचं. वाचत राहणं वेगळं आणि वाचून संपवणं वेगळं, ‘चितात्य’ आणि ‘प्रचितात्य’. पायी जाण्याचं क्रियापद निराळं, गाडीनं जाण्याचं निराळं. अक्कलकोटला पायी जाता की एसटीनं, हे विचारल्याशिवाय मला कुणाचं वाक्य तपासता येत नसे.

नावांचा धडा सगळ्यांच्या आवडीचा. रशियन माणसाला आदरानं हाक मारायची तर त्याचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून. अंतोन पाव्लोविच म्हणजे पावेलचा अंतोन. कादंबरीतली ही लांबलचक नावं पाहून इतर ठिकाणचे वाचक बिचकतात म्हणे. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असंच लिहायची रीत. फरक एवढाच की लग्न झाल्यावर रशियन बाईचं आडनाव बदलतं, पण वडिलांचं नाव तिच्याजवळच राहतं. हे ऐकून वर्गातल्या मुली नेहमी थोडा वेळ गप्प व्हायच्या आणि मग त्यावर बोलायला लागायच्या.

पहिली संपूर्ण गोष्ट मी चेखॉव्हची लावायची, १८८६ सालची, टांगेवाल्याची. म्हातारा इयोना पोतापोव पीटर्सबर्गच्या बर्फात घोडागाडी घेऊन उभा असतो. आठवड्यापूर्वी त्याचा तरुण मुलगा इस्पितळात वारलेला असतो. ज्याला त्याला तो सांगू पाहतो, पण गिऱ्हाइकाला घाई, दुसऱ्या गाडीवानाला झोप. शेवटी तो आपल्या घोडीला सांगतो. गोष्ट इतकीच. सोलापूर स्टेशनबाहेर तेव्हा टांगे होते. वर्गातल्या एकाचे वडील टांगेवाले होते आणि त्यानं ती गोष्ट वाचायला घेतली. शब्दकोशात बघत, विभक्ती ओळखत, एका ओळीवर दहा-दहा मिनिटं घालवत आम्ही पुढे सरकत होतो. घोडीला चारा घालायच्या प्रसंगापाशी तो थांबला आणि म्हणाला, “बाई, आमचे अण्णाबी रातच्याला तबेल्यात जाऊन असंच बोलत बसतेत.” त्यानंतर त्या गोष्टीचा अर्थ मला वेगळा शिकवावा लागला नाही.

तो काळ आठवताना त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ते स्मरण खोटं ठरेल. स्वस्तात येणारी पुस्तकं सोव्हिएत सरकारला जी पाठवावीशी वाटत होती तीच होती. बोरीस पास्तरनाकला १९५८ साली नोबेल जाहीर झालं आणि ते नाकारायला लावलं गेलं. अलेक्सांद्र सोल्झेनित्सिनला १९७० साली ते मिळालं आणि १९७४ साली देशाबाहेर काढलं गेलं. मिखाइल बुल्गाकोव्हची थोर कादंबरी तो गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, तीही काटछाट करून छापून आली. आन्ना अख्मातोवाचं तुरुंगाच्या दारात रांगेत उभ्या असलेल्या आयांवरचं काव्य १९८७ पर्यंत तिच्याच देशात छापलं गेलं नव्हतं. प्रदर्शनातल्या टेबलावर यांतलं काही नसायचं. आम्ही ज्या साहित्यावर जीव लावला त्याची अर्धी खोली बंद होती.

मग १९९१ चा डिसेंबर आला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्याची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली, पण तिचा खरा अर्थ पुस्तकांच्या दुकानांत कळला. नवा माल येणं थांबलं. मराठी विभाग मिटले, अनुवादकांची कामं गेली, मासिकं बंद झाली. त्याच दशकात लक्ष्मी-विष्णू मिलचाही भोंगा थांबला. ज्या हातांनी पगारातून पुस्तकं घेतली होती त्यांनाच आता पगार नव्हता. किती घरांतून ती पुस्तकं रद्दीत गेली असतील! इंग्रजी, संगणक आणि पुढे जर्मन, जपानी शिकवणाऱ्या पाट्या लागल्या. माझ्या वर्गात कधी दोघं, कधी एक, आणि कधी वर्षभर कुणीच नाही. अमक्याला रशियन येतं म्हटल्यावर लोक विचारायचे, “आता त्याचा काय उपयोग?” गंमत अशी की इरोडोवचा भौतिकशास्त्राचा गणितसंच आयआयटीची तयारी करणाऱ्या पोरांच्या टेबलावर तसाच टिकून होता. विज्ञानाची पुस्तकं राहिली, गोष्टींची गेली.

ती पोकळी कुणाला जाणवलीच नाही असं मात्र नाही. ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ हा त्या मराठी-सोव्हिएत पुस्तकांवरचा माहितीपट निघाला आणि गावोगावच्या वाचकांना आपापली लहानपणची पुस्तकं पुन्हा आठवली. काही बालपुस्तकं नव्यानं छापली गेली. माणसं जुन्या प्रती शोधत, स्कॅन करून एकमेकांना पाठवू लागली. माझ्याकडेही फोन येऊ लागले, की बाई, तुमच्याकडे अमुक पुस्तक आहे का, मुलाला वाचून दाखवायचंय.

आता वर्ग पुन्हा भरतो, पण आता भाषा आधी येते. बारावी आणि नीट झाली की सोलापूर, पंढरपूर, बार्शी, उमरग्याकडची मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघतात. इथल्या सरकारी जागा मोजक्या, खासगीची फी आवाक्याबाहेर. आई-वडील शेत किंवा प्लॉट विकून, कर्ज काढून पाठवतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा, वर बारा महिन्यांची इंटर्नशिप. त्यामुळे एजंट सांगतो की भाषेची काळजी नको, सगळं इंग्रजीत आहे. पुस्तक इंग्रजीत असेलही, पण कझान किंवा वोल्गोग्रादच्या वॉर्डात खाटेवरची आजी इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या वर्षी रुग्णांसमोर उभं राहायची वेळ आली की मुलांना हे कळतं. त्याआधी कळावं म्हणून काही पालक निघायच्या आधी दोन-तीन महिने माझ्याकडे पाठवतात.

ही मुलं हुशार आहेत आणि त्यांच्या हाती जे आहे त्याचा आम्हाला हेवा वाटावा. फोनवर रशियन कळफलक, शब्द दाबला की उच्चार, मॉस्कोतल्या शिक्षिकेचे रोजचे व्हिडिओ, ठरावीक पातळ्यांची प्रमाणित परीक्षा. आमच्या घोगऱ्या कॅसेटच्या जागी शेकडो आवाज आहेत, बायकांचे, मुलांचे, म्हाताऱ्यांचे. पहिल्याच आठवड्यात ती दुकानातला, टॅक्सीतला संवाद म्हणून दाखवतात. एक गोष्ट मात्र फोन करून देत नाही, ती म्हणजे हाताचं अक्षर. रशियन डॉक्टर अजूनही कितीतरी हातानं लिहितात आणि ते लिखाण म्हणजे त्याच उभ्या रेघांची रांग. म्हणून मी चार रेघी वही सक्तीची ठेवली आहे. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन सुटीत आलेली मुलं सांगतात, की बाई, त्या वहीनं वाचवलं.

तक्रार आहे ती एकच. त्यांना वाटतं की भाषा म्हणजे प्रश्नांची यादी. कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, ताप आहे का, खोकला कोरडा की ओला. ही यादी मी शिकवतेच, तिच्यावाचून त्यांचं चालणार नाही. पण त्यानंतर मी टांगेवाला इयोना काढते. ऐंशीच्या दशकात ती गोष्ट आम्ही विभक्तीसाठी आणि आनंदासाठी वाचायचो. आता मी मुलांना एकच परिच्छेद पुन्हा वाचायला लावते. मुलगा आजारी कसा पडला, त्याला किती त्रास झाला, जाताना तो काय बोलला, कपडे आणायला इस्पितळात कसं जावं लागलं, हे सगळं इयोनाला नीट, सावकाश, पहिल्यापासून सांगायचं असतं. मी विचारते, डॉक्टर म्हणून तुम्ही याला काय म्हणाल? कुणीतरी उत्तर देतं, “हिस्टरी.” मग मुलांच्या लक्षात येतं, की अख्ख्या शहरात एकाही माणसानं त्या म्हाताऱ्याची हिस्टरी घेतली नाही, आणि ही गोष्ट लिहिणारा स्वतः डॉक्टर होता. चेखॉव्ह १८८४ साली मॉस्को विद्यापीठातून वैद्यक शिकून बाहेर पडला आणि पुढेही रुग्ण तपासत राहिला. त्याला ऐकता येत होतं म्हणून लिहिता आलं.

त्यानंतर बुल्गाकोव्ह. तोही डॉक्टर, १९१६ साली कीव्हमधून पदवी घेतलेला आणि स्मोलेन्स्ककडच्या खेड्यातल्या इस्पितळात एकटा नेमला गेलेला. तिथल्या अनुभवावरच्या त्याच्या कथांत एक नवखा डॉक्टर रात्री पुस्तक उघडून शस्त्रक्रिया वाचतो आणि थरथरत्या हातांनी खोलीबाहेर येतो. ग्रामीण आरोग्य केंद्रात बंधपत्रावर जाणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही तरुण डॉक्टरला ती भीती ओळखता येईल. तेव्हाच्या वर्गात हा लेखक मला शिकवता आला नव्हता, आज मूळ रशियन मजकूर एका क्षणात पडद्यावर येतो. जे तेव्हा बंद होतं ते आज उघडं आहे, आणि तेव्हा जी भूक होती ती आज जागवावी लागते. माझ्या दोन वर्गांतला खरा फरक मला इथे दिसतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं तेव्हा युक्रेनमध्ये शिकणारी हजारो भारतीय मुलं तळघरांत अडकली. कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकिव्हमधल्या माऱ्यात गेला, तेव्हा सीमेपलीकडचं ते दुःख सोलापुरात घरातल्यासारखं जाणवलं. ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी मोहिमेतून परतलेल्यांपैकी काहींनी पुढे आयोगानं परवानगी दिल्यावर दुसऱ्या देशांत बदली घेतली आणि त्यांतल्या एक-दोघी माझ्याकडे आल्या. ज्या सैन्याच्या तोफा त्यांनी ऐकल्या त्याच्याच भाषेत त्यांना आता रुग्णांशी बोलायचं होतं. वर्गात चर्चा झाली, आवाज चढले, रडूही आलं. मी त्यांना एवढंच दाखवू शकले, की बुल्गाकोव्ह कीव्हचा, गोगोल पोल्ताव्याकडचा, आणि युद्धात होरपळलेल्या साध्या माणसांचे आवाज टिपून नोबेल मिळवणारी स्वेतलाना अलेक्सियेविच बेलारूसची. रशियन भाषा कुठल्याही एका सरकारच्या मालकीची नाही. तोल्स्तोयच्या शेवटच्या कादंबऱ्यांतली एक कॉकेशसच्या युद्धावर आहे आणि तिच्यात त्यानं आपल्याच राजाच्या क्रौर्याची गय केलेली नाही. हे माहीत असलेली मुलगी त्या देशात डोळे उघडे ठेवून राहील.

रशियनचं आणि आपल्या मुलखाचं नातं काही सोव्हिएत पुस्तकांपासून सुरू झालेलं नाही. पंधराव्या शतकात त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला राहिला, तिथे सुभेदारानं त्याचा घोडा हिरावून घेतला आणि घोडा सोडवून तो बहामनी राजधानी बीदरला पोचला. अक्कलकोटच्या पलीकडे आळंद आहे, तिथल्या वार्षिक बाजाराचं वर्णन त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याच्या रशियनमध्ये मध्येच फारसी, अरबी, तुर्की शब्द घुसतात. सोलापूरच्या मंगळवार बाजारात उभा राहिलेला माणूस असंच बोलेल, म्हणून मोठ्या मुलांना मी ते उतारे आवर्जून दाखवते. आणि आपल्या काळात मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा मराठी शिकल्या, पंढरपूरचा विठ्ठल आणि वारी हा त्यांनी अभ्यासाचा विषय केला, त्यावर रशियनमध्ये पुस्तक लिहिलं. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीबद्दल मॉस्कोचा वाचक त्याच्या भाषेत वाचू शकतो, तर तोल्स्तोयच्या यास्नाया पोल्यानाबद्दल पंढरपूरच्या मुलाला मुळातून वाचता येऊ नये का? सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा उभा राहिला. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तो पाहावा, आणि हा माणूस कोण हे शेजारच्या रशियन मित्राला त्याच्याच भाषेत सांगता यावं, एवढं तरी आपण त्यांना शिकवून पाठवायला हवं.

६ जूनला रायगडावरच्या राज्याभिषेकाची आठवण होते, आणि तोच पुश्किनचाही जन्मदिवस, रशियन भाषेचा दिवस. त्या दिवशी आमच्या वर्गात जुने आणि नवे विद्यार्थी एकत्र बसतात. निवृत्त झालेले काही जण आता केवळ तोल्स्तोय मुळातून वाचायचा म्हणून पुन्हा वही घेऊन येऊ लागले आहेत. त्यांच्या शेजारी अठरा वर्षांची, ऑगस्टमध्ये विमानात बसणारी मुलगी असते. तिचे उच्चार चांगले, त्यांचं वाचन दांडगं. एकमेकांना शिकवतात.

माझं मागणं मोठं नाही. परदेशी शिकायला निघणाऱ्या मुलांची संख्या पाहता जिल्ह्याच्या गावी, एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी रशियनचा वर्ग असावा. त्याची फी परवडेल अशी असावी, पालकांनाही बसता यावं, आणि अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यापासून एक तरी गोष्ट असावी. ज्यांच्या माळ्यावर ती जाड पुठ्ठ्याची पुस्तकं अजून असतील त्यांनी ती त्या वाचनालयाला द्यावीत. मुलांनी प्रश्नांची यादी जरूर पाठ करावी. पण रुग्णाला त्याच्या नावानं, त्याच्या वडिलांच्या नावासकट हाक मारून मग ‘कुठे दुखतं’ विचारावं, आणि तो सांगायला लागला की त्याला शेवटपर्यंत सांगू द्यावं. हे चेखॉव्ह वाचलेला विद्यार्थी करतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आणि म्हणून मी भाषेबरोबर साहित्य शिकवणं कधीच सोडणार नाही.